निवलेल्या खिरीची कहाणी

ऐक अन्नपूर्णामाये, तुझी कहाणी. बायांनो, हातातल्या अक्षता घट्ट धरा आणि मधे उठू नका.

आटपाट गाव होतं. गावात एक घर होतं. घरात भिवराबाई नावाची सासू होती, म्हाळसा नावाची सून होती, आणि दोघींच्या जिवाचा विसावा अशी चार वर्षांची ठकू होती. ठकूचा बाप परमुलखी चाकरीला होता. सासूचं सोवळं गावात नावाजलेलं. ओलेत्यानं स्वयंपाक करी, कुणाची सावली चुलीवर पडू देत नसे. सोवळं निराळं आणि स्वच्छता निराळी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

मग श्रावण आला, श्रावणातला शुक्रवार आला. सासूसुनांनी उपास धरला. सासूनं खिरीचा नैवेद्य योजला. खीर चुलीवर रटरटत होती, तोवर तिनं गोठा झाडला, देवापुढे शेणानं सारवलं, हात नुसते घंगाळात बुचकळले आणि खिरीत घालायला केळी कुस्करायला बसली. सून म्हणाली, "सासूबाई, हात राखेनं चोळून धुता का?" सासू म्हणाली, "गाईचं शेण ते! त्याचा कसला गं विटाळ?" सून गप्प बसली.

मग खीर उतरवली, त्याच हातांनी केळी तीत घातली, पातेलं देवापुढे ठेवलं. माशा घोंगावू लागल्या. सून म्हणाली, "सासूबाई, वर ताट झाकू का?" सासू म्हणाली, "झाकलं तर देव जेवेल कसा?" सून गप्प बसली.

मग दुपार झाली, दुपार कलली. जेवायला बोलावलेली सवाष्ण काही आली नाही. खीर उघडीच राहिली. तिन्हीसांजेला ठकूला भूक लागली. सून म्हणाली, "सासूबाई, सकाळची खीर ती, निवून गार झाली. पोरीला ताजा भात टाकते. खीरच द्यायची तर खळखळून उकळी तरी आणू द्या." सासू कडाडली, "देवाचं उष्टं पुन्हा चुलीवर? माहेरी हेच शिकवलं का तुला?" सून गप्प बसली.

मग सासूनं नातीला मांडीवर घेतलं आणि आपल्या हातानं वाटीभर खीर भरवली. माया खोटी नव्हती हो तिची. तेच तर सोसवत नाही.

उजाडता उजाडता पोरीला उलट्या सुरू झाल्या. मग ढाळ लागले. मग ताप चढला. वैद्य आला, म्हणाला, "मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा." सून चमच्याचमच्यानं पाजू लागली, पण पोटात थेंब ठरेना. डोळे खोल गेले, ओठ सुकले. दिवस मावळायच्या आत पोर गेली.

मग सासू ऊर बडवीत नदीवर गेली. घाटावर एक म्हातारी हात धूत बसली होती. बोटांच्या बेचक्या धूत होती, नखं धूत होती. सासूनं विचारलं, "बाई, तू कोण?" म्हातारी म्हणाली, "जिला नैवेद्य दाखवलास, ती मी." सासूनं तिचे पाय धरले. "मग माझी ठकू मला परत दे. कहाण्यांतली मेलेली मुलं उठून बसतात, माझी का नाही?" देवी म्हणाली, "त्या कहाण्या, बाई. तुझी पोर खरंच गेली. सुनेच्या तोंडून मी तुला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तू मला गप्प बसवलंस."

सासू धाय मोकलून रडली. म्हणाली, "आता मी काय करू?" देवी म्हणाली, "वसा घे. रांधण्याआधी, भरवण्याआधी, शेणामुतानंतर हात चोळून धुवावे. कच्च्याची विळी शिजल्याला लावू नये. आतपर्यंत शिजवावं, वर झाकण घालावं, ऊन-ऊन असतानाच खावं. लवकर थंड जागी न ठेवलेलं, दिवसभर उघडं राहिलेलं अन्न, देवाचं असलं तरी, मुलाच्या तोंडी घालू नये. या वशाला उद्यापन नाही. जन्मभर करायचा."

सासूनं वसा घेतला. उतली नाही, मातली नाही. घरोघर हिंडून सांगू लागली. कुणी ऐकलं, कुणी हसलं. ज्यांनी ऐकलं त्यांची मुलं वाढली, अंगणात खेळू लागली. ती खेळताना दिसली की भिवराबाई आपलं दार लावून घेई.

आणि सून? सून आपली चूल वेगळी मांडून जेवू लागली. सासू रोज हात धुई, रोज वाफेचा भात वाढून तिच्यापुढे ठेवी. सून ताट मागे सारी. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. एक दिवस सासूनं हात जोडले. "सुने, बघ, धुतलेत गं. आता तरी एक घास घे." म्हाळसेनं ते हात हातात घेतले, उलटसुलट पाहिले. म्हणाली, "सासूबाई, हात स्वच्छ आहेत. पण घास उतरत नाही हो." आणि उठून गेली. सासू मरेपर्यंत तिनं तिच्या हातचं खाल्लं नाही.

बायांनो, इथं म्हणायचं असतं, जसं तिला फळ मिळालं तसं तुम्हां आम्हां मिळो. मी तसं म्हणणार नाही. जसं तिचं झालं तसं तुमचं आमचं, वैऱ्याचंही न होवो. लेकीसुना बोलतील तेव्हा ऐकायची बुद्धी होवो. साठां बोलांची कहाणी पाचां बोलांत सांगून झाली. सुफळ म्हणवत नाही. नुसती संपूर्ण.