दबलेला बार

एका गावात एक वस्ताद राहत होता. सुभानजी त्याचं नाव. कुस्तीचा वस्ताद नव्हे हो, तमंच्याचा! तमंचा म्हणजे एका हातात मावणारं ठासणीचं पिस्तूल. त्या काळी घाटात चोरांचा नुसता सुळसुळाट. चौकीवरच्या पहारेकऱ्यांना, खजिन्याबरोबर जाणाऱ्या शिपायांना तमंचा चालवता यावाच लागे, आणि तो शिकवायला गावोगावी तालमी असत. सुभानजीची तालीम ओढ्यापलीकडे होती. समोर मातीचा उंच बांध, बांधावर मडकी मांडलेली आणि अलीकडे शिकणारे. सगळा जीव त्याचा तिथंच. बायको म्हणायची, "मी मेले तर तुम्ही बांधावर एक मडकं जास्त मांडाल, दुसरं काय!" यावर तो नुसता हसायचा, आणि तिला त्याचा जास्तच राग यायचा.

या सुभानजीच्या तालमीत एक जगावेगळी रीत होती. तमंच्याची नळी माणसाकडं वळताना दिसली, की बघणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं, "नळी!" मग तो बघणारा काल आलेला का असेना. हाक कानावर पडली की हातात हत्यार असलेल्यानं एक शब्द न बोलता नळी बांधाकडं फिरवायची. तमंचा भरलेला आहे की रिकामा, हा वाद नंतर. खुद्द वस्तादालाही यातून सूट नव्हती. आणि हाक देणाऱ्याला गुळाचा खडा मिळे. हाक चुकीची निघाली तरी गूळ ठरलेला. "चुकीच्या हाकेला हसलात," सुभानजी सांगायचा, "तर खऱ्या वेळी जीभ टाळ्याला चिकटेल."

शेजारच्या गावचा वस्ताद जानराव याची फार टिंगल करी. "शिष्य दटावतो आणि वस्ताद गूळ वाटतो! वस्ताद आहे का भटजी?" जानरावाची तालीम कशी, तर टाचणी पडली तरी ऐकू यावी. त्याच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. जानरावानं म्हणावं, विहिरीत उडी टाक. शिष्यानं विचारावं, कुठल्या? नेम मात्र पोरांचे असे पक्के, की मडक्याचा कान म्हटला तर कानच उडवतील. खोटं कशाला बोला?

एके वर्षी संस्थानच्या राजेसाहेबांनी दवंडी पिटवली. दसऱ्यापासून ज्याच्याकडं शिकवणीची सनद नाही, त्याची तालीम बंद. आता सुभानजीकडं नेमाची सनद होती. ती त्यानं तरुणपणीच मिळवली होती. पण नेमाची सनद वेगळी आणि शिकवणीची वेगळी. शिकवणीच्या सनदेसाठी आपला एक शिष्य घेऊन राजधानीत जायचं, म्हातारे सरवस्ताद हैबतराव यांच्यासमोर परीक्षा द्यायची. बायको म्हणाली, "पेठेत कुणीसा चार दिवसांत सनद देतो म्हणे, लाल शिक्क्यासकट. कशाला तो घोर?" सुभानजी म्हणाला, "विहीर न बघता पोहायचा शिक्का मिळवायचा, आणि मग लोकांची पोरं पाण्यात ढकलायची? नको गं बाई." तो परीक्षेच्या तयारीला लागला. पण तालीम गेली तर आपण करायचं काय, हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं.

बरं, शिष्य कोण न्यावा? सुभानजीनं निवडली सगुणाबाई. सगळ्यांनी कपाळाला हात लावला. सगुणाबाईचा नवरा घाटातल्या चौकीवर पहारेकरी होता. तो तापानं गेला आणि चौकीचं काम हिच्याकडं आलं. तालमीत आली तेव्हा बार उडाला की डोळे मिटून खाली बसायची. आवाज इतका बारीक, की "नळी" म्हणायची ती तोंडातल्या तोंडात, शेजारच्याला कळायचं नाही. बाकीचे खुदुखुदु हसत. सुभानजी मात्र गूळ द्यायचा आणि म्हणायचा, "बाई, मला ऐकू आलं. उद्या बांधाला ऐकू येऊ द्या." त्यानं तिला घाई केली नाही, टाकून बोलला नाही. हळूहळू तिचे डोळे उघडे राहिले, मग हात ठरला, आणि मग मडकी फुटायला लागली.

परीक्षेच्या दिवशी राजधानीच्या मैदानात ही गर्दी! एका अंगाला मातीचा बांध, दुसऱ्या अंगाला शामियाना. शामियान्यात राजेसाहेब, राणीसाहेब आणि त्यांच्या मांडीवर लहानगी लेक, छोट्या आक्कासाहेब. आधी जानरावाचा शिष्य आला. तीन बार, तीन मडकी. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जानरावानं मिशीवर ताव दिला.

मग सगुणाबाई पुढं झाली. पहिला बार, मडकं फुटलं. दुसरा बार, मडकं फुटलं. सुभानजीच्या जिवात जीव आला. तिसऱ्या वेळी तिनं चाप ओढला, आणि तमंच्याच्या कानातली रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, फुर्र करून जळली. बार काही उडाला नाही. लोक फिसकन हसले. "ओली दारू भरलीस का गं बाई?" जानरावानं ओरडून विचारलं. आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. असा बार दबला म्हणजे मेला असं नसतं. आत ठिणगी धुमसत असते. म्हणून नळी बांधाकडंच रोखून गप्प उभं राहायचं, हा सुभानजीच्या तालमीतला धडा. सगुणाबाई तशीच उभी राहिली. अगदी शिकवल्यासारखी.

चुकला तो सुभानजी. सगळं मैदान हसतंय, तालीम हातची जातेय, या विचारानं त्याचं भान सुटलं. "आणा इकडं," म्हणून त्यानं तिच्या हातातला तमंचा ओढून घेतला. तेवढ्यात शामियान्यातून राजेसाहेबांनी विचारलं, "काय झालं, सुभानजी?" राजानं नाव घेतलं! जन्माची सवय, मुजऱ्यासाठी तो गर्रकन वळला आणि तमंच्यासकट वाकला. नळी सरळ शामियान्याकडं.

"नळी!"

आवाज असा, की बांधामागच्या झाडावरचे कावळे उडाले. "दादा, नळी!"

सुभानजीच्या अंगाचा तिळपापड झाला. भर दरबारासमोर, राजेसाहेबांशी बोलताना आपलीच शिष्या आपल्यावर ओरडते! पण राग डोक्यात पोचायच्या आधी हात फिरला होता. कितीतरी वर्षांची सवय ती, हात डोक्याला विचारायला थोडाच थांबतो! नळी बांधाकडं वळली, आणि धाड्कन बार उडाला. बांधातली माती उडाली. छोट्या आक्कासाहेब दचकून रडायला लागल्या.

सुभानजीनं वळून पाहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आधी नळी जिथं होती, तिथं राणीसाहेब लेकीला छातीशी धरून बसल्या होत्या. त्यानं तमंचा खाली ठेवला, आणि तो आधी राजेसाहेबांकडं गेलाच नाही. तो सगुणाबाईपुढं गेला आणि त्यानं हात जोडले. "बाई, तुम्ही नसतात तर..." एवढंच म्हणाला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

राजेसाहेबांचे कारभारी धावत आले. त्यांना सुभानजीची दया आली असावी. ते हलकेच म्हणाले, "वस्ताद, घाबरू नका. दारू या बाईनं भरली होती ना? बार दबला तो तिच्या हातून. तसं सांगा, सनदेचं मी बघतो."

आता बघा, किती सोपं होतं! एक वाक्य बोललं की तालीम वाचत होती. ओढा, बांध, मडकी, सगळं एका वाक्यावर होतं. सगुणाबाई मान खाली घालून उभी होती. तिनं एक शब्दही काढला नसता, हे सुभानजीला ठाऊक होतं.

त्यानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "महाराज, बार कुणाच्याही हातून दबतो. त्यात दोष नाही. बाई शिकवल्याप्रमाणं उभ्या होत्या. तमंचा मी ओढला, नळी मी फिरवली. शिक्षा मला द्या. आणि जे आज टळलं, ते या बाईंमुळं टळलं, एवढं ध्यानात असू द्या."

सगळे हैबतरावांकडं पाहू लागले. म्हातारा काठी टेकत उठला. "नळी माणसाकडं फिरवणाऱ्याला सनद नाही," तो म्हणाला. "हा नियम मीच केला आहे. सुभानजी, तुला सनद नाही."

"बरोबर आहे," सुभानजी म्हणाला. त्यानं मान खाली घातली नाही.

मग हैबतराव जानरावाच्या शिष्याकडं वळले. "पोरा, खरं सांग. तुझ्या वस्तादानं अशी नळी फिरवली असती, तर तू ओरडला असतास?"

पोरगा गोरामोरा झाला. त्यानं एकदा जानरावाकडं पाहिलं. "वस्तादांना कसं बोलणार, महाराज?"

"मग आज तिथं काय झालं असतं?" म्हाताऱ्यानं शामियान्याकडं काठी केली. जानरावाचा हात मिशीवरून आपोआप खाली आला. "जानराव, नेम उत्तम शिकवलास. पण तुझ्या तालमीत जिभा बांधलेल्या आहेत. त्या सोडव आणि पुढच्या वर्षी ये." मग हैबतरावांनी कागद मागवला, त्यावर शिक्का उठवला आणि तो सगुणाबाईच्या हातात दिला. "शिकवणाऱ्याचं पहिलं काम वेळेवर थांबवणं. तिथं राजा बघायचा नाही, वस्ताद बघायचा नाही, लोक हसतील का तेही बघायचं नाही. ते काम आज या मैदानात हिनं एकटीनंच केलं. शिकवणीची सनद हिची."

सगुणाबाई कावरीबावरी झाली. तिचा आवाज पुन्हा बारीक झाला. "दादा, मी कुठली वस्ताद! हे तुमचं..."

सुभानजीला आत कुठंतरी टोचलं, नाही असं नाही. माणूसच तो. पण शामियान्यातलं ते पोर आता राजेसाहेबांची बोटं चावत खिदळत होतं. ते पाहिलं आणि त्याचं टोचणं कुठल्या कुठं गेलं. "बाई," तो म्हणाला, "घ्या ती. आज तुमची हाक आली म्हणून मी माणसात आहे. तालीम तुमच्या सनदेवर चालेल, आणि ठेवून घेतलंत तर मी तुमच्या हाताखाली शिकवीन."

खंडेनवमीला तालमीत हत्यारांची पूजा झाली. पहिलं फूल वाहायचा मान वस्तादाचा. सुभानजीनं झेंडूचं फूल सगुणाबाईच्या हातात दिलं आणि स्वतः शिष्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. नवा आलेला एक जण त्याच्या कानाशी लागला. "अहो, इथले वस्ताद तुम्ही ना? मग त्या कोण?"

"त्या होय?" सुभानजी म्हणाला. "मी त्यांना तमंचा धरायला शिकवला. त्यांनी मला वाचवलं. आता हिशेब तुम्हीच करा, वस्ताद कोण ते."

तात्पर्य: शिष्याचा नेम लागला की गुरूचं कौतुक होतं, पण शिष्यानं न भिता गुरूची चूक रोखली की गुरूचं शिकवणं फळाला येतं. म्हणून आपली चूक दाखवणाऱ्यावर रागावू नये, त्याचे उपकार मानावेत.