मिचक्या कॅमेऱ्याला काही दिसेना

एक होता कॅमेरा. एवढुस्सा, बोराएवढा. नाव मिचक्या. तो नंदूकाकांच्या टेबलावर राही. त्याला वायरीची शेपटी होती. शेपटी कॉम्प्युटरच्या खाचेत बसली की त्याला सगळं दिसे.

एके दिवशी नवा कीबोर्ड आला. काकांनी मिचक्याची शेपटी काढली, टच. खाचेत कीबोर्डची वायर लावली. आणि विसरून गेले.

मिचक्यापुढे अंधारच अंधार.

काका म्हणाले, हा बंद पडला वाटतं. जाईल भंगाराच्या पोत्यात.

सळ सळ. पोतं वाजलं. कुठे? दिसेना.

खुटुक खुटुक, मिचक्या भीत भीत खाचेकडे गेला.

"खाचताई, खाचताई, जागा दे. मला काही दिसेना."

"कीबोर्डची वायर निघाली तर देईन."

मी वायरीशिवाय पाहू का, मिचक्याने विचारलं.

"तुझी चित्रं जड, बाळा. तुला वायर हवीच. कीबोर्डची अक्षरं हलकी. ती हवेतूनही येतात."

खुटुक खुटुक, मिचक्या कीबोर्डकडे गेला.

"कीबोर्डदादा, कीबोर्डदादा, वायर काढ. खाच जागा देईना, मला काही दिसेना."

"पोटात सेल आले तर काढीन."

सेल होते खेळण्यातल्या गाडीत. गाडी होती खाली. भुर्र भुर्र. उडी मारायची? खाली पोतं असलं तर?

धप्प. जमीन होती.

"सेलभाऊ, सेलभाऊ, चला. कीबोर्ड वायर काढेना, खाच जागा देईना, मला काही दिसेना."

"गाडी थांबली तर येऊ."

"गाडीबाई, गाडीबाई, थांब. सेल येईनात, कीबोर्ड वायर काढेना, खाच जागा देईना, मला काही दिसेना."

"राहीने थांबवलं तर थांबेन."

राही म्हणजे काकांची पुतणी. साडेतीन वर्षांची.

सळ सळ. पोतं जवळ आलं. खुटुक खुटुक, मिचक्या राहीकडे पळाला.

"राहीताई, राहीताई, गाडी थांबव. गाडी थांबेना, सेल येईनात, कीबोर्ड वायर काढेना, खाच जागा देईना, मला काही दिसेना."

"नाही. माझी गाडी आहे."

फट फट. काकांच्या चपला वाजल्या.

राहीने हळूच विचारलं, "दिसत नाही म्हणजे कसं?"

"डोळे मिट."

राहीने डोळे मिटले. घट्ट. काका कुठे? कळेना. गाडी कुठे? कळेना. ती चाचपडली. गाडी हाताला लागली. तिने बटण दाबलं. खट्.

मग गाडी थांबली. सेल आले. कीबोर्डने वायर काढली. खाचेने जागा दिली. राहीने मिचक्याला टेबलावर ठेवलं. शेपटी बसली, टच.

मिचक्याला दिसलं.

आधी दिसलं पोतं. काळं, उघडं, एका पावलावर. पोत्यामागे काका. ते पडद्यावर आपलंच चित्र बघून म्हणाले, "अरे, वायर तर मीच काढली होती." पोतं त्यांनी बाहेर नेलं.

मग दिसलं एक मोठं नाक.

"आता दिसतं का?" राहीने विचारलं.

"नाक दिसतं."

राही खुदकन हसली. तेही दिसलं.

गाडी आता राही हाताने ढकलते. भुर्र भुर्र ती तोंडाने करते. मिचक्या बघतो.