मालकिणीची ओंजळ

एकदा एक नववधू माजघरात ताक घुसळीत असता पडवीतले बोलणे तिच्या कानी पडले. सासूबाई विचारीत होत्या, “अहो, पण विहीर तिची आहे. तिला विचारायला नको?”

सासरे हसले. “मालकीणबाई म्हणतोच की तिला उठता-बसता! खूश असते बिचारी. त्यावर आणखी विचारायचं काय?”

ती विहीर आणि भोवतीचा मळा आईने आपल्या हयातीतच लेकीला दिला होता. आता एक व्यापारी ते दोन्ही मागत होता. मोबदल्यात तो तिच्या नवऱ्याला पेढीत भागीदार करून घेणार होता. घरात तिला मान तर उदंड होता. ‘मालकीणबाई, ताक झालं का?’ ‘मालकीणबाई, भांडी राहिलीत हो!’ इतक्या मानाने भांडी घासणारी स्त्री पंचक्रोशीत दुसरी नसावी.

त्या गावची रीत अशी, की भूमी द्यायची तर एखाद्या ज्ञानी वृद्धासमोर ओंजळीतले पाणी त्याच मातीवर सोडायचे. पाणी पडले की भूमी गेली. पुरुषाने पाणी सोडावे, पत्नीने नुसता त्याच्या हाताला हात लावावा.

ठरल्या दिवशी सारे विहिरीपाशी जमले. नवऱ्याने ओंजळ पुढे केली. वृद्धाने तांब्या उचलला आणि पाणी ओतले ते तिच्या ओंजळीत! “तू हिच्या हाताला हात लाव,” असे नवऱ्याला सांगून तो स्वस्थ बसला.

त्याचा शिष्य गोंधळून कुजबुजला, “गुरुजी, ओंजळ चुकली.”

“हो ना महाराज,” व्यापारी चुळबुळला, “बाईमाणसाचं काय त्यात एवढं?”

वृद्ध म्हणाला, “देवीलाही आपण जगाची स्वामिनी म्हणतो, आणि गाभाऱ्याची किल्ली आपल्याच कमरेला खोचतो. ज्याचा होकार सारे गृहीत धरतात, त्याला मालक म्हणणे हा निव्वळ लाड झाला. ज्याच्या नकारापाशी सारे थांबतात, तो मालक. तुम्ही हिला मालकीण म्हणता ना? मग थांबा.”

आणि सारे खरोखरच थांबले.

तिने खाली पाहिले. ओंजळीत आभाळाचा एक तुकडा थरथरत होता. हे पाणी निसटले, की तळाचे झरे, काठाची झाडे, मातीत अजून न उगवलेले कोंबसुद्धा परक्याचे होणार. आणि ते निसटेपर्यंत एवढी मोठी माणसे जागच्या जागी खिळलेली! आजवर हाकेपुरता ऐकलेला शब्द प्रथमच तिच्या तळहातांना जड लागला. मनगटाला नवऱ्याची बोटे टेकली होती. पण ती बोटे ढकलत नव्हती.

“सोड पाणी, सूनबाई,” सासरे हळूच म्हणाले. “तुझ्याच नवऱ्याचं भलं आहे.”

तिने ओंजळ ओठांशी नेली आणि पाणी पिऊन टाकले. मग पदराने तोंड टिपून म्हणाली, “मामंजी, पाणी हवं तेवढं न्या. शेटजींनीही न्यावं. विहीर मी देत नाही.”