वांग्याच्या मळ्याचे वीस साक्षीदार

आंबेखिंडीच्या तळ्यात एका सकाळी मासे उलटे होऊन तरंगायला लागले, आणि आळ आला तळं राखणाऱ्या सखबा भोयावर.

"तूच विष कालवलंस," दौलोजीराजे म्हणाले. "आठ दिवसांत बिऱ्हाड उचल. तळं मी दुसऱ्याला देतो."

आता आपल्याच तळ्यात विष कालवून भोई खाणार काय, धोंडे? पण हे राजाला विचारणार कोण! राजे मनानं वाईट नव्हते. फक्त त्यांनी एकदा पूर्वेला पश्चिम म्हटलं, की सूर्यानंही तिकडूनच उगवावं असा त्यांचा हट्ट असे. सखबा मान खाली घालून उभा राहिला. त्याची लेक भागी मात्र पुढं झाली.

"सरकार, विष बापानं नाही कालवलं. ते तुमच्या मळ्यातनं आलंय."

दरबारात सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. राजांना वांग्याचा भारी शौक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वांगं कसं हवं, तर तुळतुळीत. देठापाशी एक भोक दिसलं तरी ताट परत. त्यापायी तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सरकारी मळ्यात तीन वर्षं कीड मारायची पांढरी पूड पोत्यांनी पडत होती.

"पूड मातीत मुरली," भागी म्हणाली. "परवाच्या पावसानं ती माती तळ्यात आली."

"माझ्या मळ्याची माती दर महिन्याला तपासली जाते," राजे गरजले. "पारखे, सांगा हिला."

विसोबा पारखे हे संस्थानचे माती-तपासनीस. मोठा टापटिपीचा माणूस. त्यांनी मातीनं भरलेली चाळीस गाडगी ओळीनं मांडली. "सरकार, मळ्यातली ही चाळीस ठिकाणची माती. प्रत्येकीवर मुंग्या सोडून पाहिल्या. एक मुंगी मेली असेल तर शपथ. माती शुद्ध आहे."

"ऐकलंस?" राजे भागीला म्हणाले. "तरी तुझंच खरं असेल, तर माझ्या मळ्याच्या मातीनं स्वतः दरबारात येऊन साक्ष द्यावी. आणि मळ्यात तुझा पाय पडता कामा नये. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर आठ दिवसही मिळायचे नाहीत, त्याच पावली निघायचं."

दरबारी गालात हसले. सखबानं लेकीचा हात ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"चालेल, सरकार. पण मातीला पाय नाहीत, तिला आणायला तुमचा माळी धाडा. वांग्याच्या दोन ओळींच्या मधली आणावी. आणि तपासनीसांची चार गाडगी मला द्या."

भागीनं घरची काठवट आणली. डाव्या अंगाला माळ्याची माती ओतली, उजव्या अंगाला पारख्यांची. दोन्हीवर एकाच तांब्यानं सारखं पाणी शिंपडलं. मग कमरेची करंडी सोडून तिनं मधल्या रेषेवर वीस गांडुळं ठेवली. भोयाच्या घरात गळाला लावायला गांडुळं असायचीच. दरबाऱ्यांनी नाकाला उपरणी लावली.

"हे साक्षीदार," भागी म्हणाली. "मातीत जन्मले, मातीत वाढले. डोळे नाहीत, त्यामुळं कुणाचं तोंड बघून बोलत नाहीत. वर ओलं गोणपाट टाका, सरकारचा शिक्का मारा, पहारा बसवा. दोन दिवसांनी उघडू."

तिसऱ्या दिवशी राजांनी आपल्या हातानं शिक्का तोडला. माती उकरली. डाव्या अंगाला एकही गांडूळ नव्हतं. उजवीकडं एकोणीस निघाली. विसावं रेषेवर होतं, तेही उजवीकडंच निघालेलं.

पारख्यांना आनंद मावेना. "बघितलंत सरकार? सगळी माझ्या मातीत आली! मी म्हणत नव्हतो, माती शुद्ध आहे?"

"अगदी शुद्ध आहे," भागी म्हणाली. "पण तपासनीस, ही मळ्यातलीच ना?"

"मळ्यातलीच. शपथ."

"आणि डावीकडची?"

"तीही मळ्या..." पारखे मध्येच थांबले.

"एकाच मळ्याची माती, मग साक्षीदार एकीतनं पळून दुसरीत का जातात?" भागीनं उजवीकडची मूठभर माती उचलली. त्यातनं हरळीच्या मुळ्या लोंबत होत्या. "माळीदादा, वांग्याच्या ओळीत हरळी ठेवता का हो तुम्ही?"

"छे गं पोरी," माळी म्हणाला. "हरळी राहते ती बांधावर. तिथं आम्ही पूड टाकत नाही."

राजांनी पारख्यांच्या पायांकडं पाहिलं. चाळीस ठिकाणची माती काढूनही मोजड्यांवर चिखलाचा एक ठिपका नव्हता.

"सरकार," पारखे चाचरले, "आत फार चिखल होता. बांधही तसा मळ्याचाच म्हणायचा."

दरबारात खसखस पिकली. राजांच्याही मिशा हलल्या, पण हट्ट सुटेना. "ते राहू दे. मी म्हणालो होतो मातीनं साक्ष द्यावी. माती कुठं बोलली?"

"नाही बोलली, सरकार," भागी म्हणाली. "पण तपासनीसांची गाडगी तरी कुठं बोलली होती? त्यांचं तुम्ही लगेच ऐकलंत."

राजे सखबाकडं वळले. म्हणाले, "सखबा, तळं तुझंच. चुकलं आमचं." सखबाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं, ते त्यानं मुंडाशाच्या शेवानं पुसलं.

राजे मात्र अजून घुटमळत होते. "पूड आजपासून बंद," ते हळूच म्हणाले. "पण मग पोरी, मी काय अळीनं खाल्लेली वांगी खायची?"

"सरकार, तुमच्या ताटातलं आधी कुणीतरी चाखून बघतं ना?"

"चाखतो की. मुदपाकखान्यात त्यासाठी खास माणूस आहे."

"मग अळीनंही तेच केलं. तेही बिनपगारी!"

राजे इतके हसले, की मंदील कानावर आला. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून भागीला दिलं, आणि मळ्याची माती यापुढं तिनंच तपासावी असा हुकूम सोडला. गाडगी उचलायला हाताखाली माणूस दिला, विसोबा पारखे. अनवाणी.