बोरस्ते सरांची बाटली

"आणि वाईट निघाली तर?" भाऊंनी विचारलं.

"तर बरं होईल," हेरंब म्हणाला.

"बरं कसं?"

"निदान मी खोटं बोललो नव्हतो, एवढं तरी राहील."

दोघांच्या मध्ये स्टुलावर बाटली ठेवलेली होती. बोर्बन, म्हणजे अमेरिकेत मक्यापासून करतात ती व्हिस्की. सील तोडलेलं, पण बाटली जवळजवळ भरलेली. वरून दोन बोटं काय ती कमी.

"आणि चांगली निघाली तर?"

"चांगली निघाली तर मला सांगूच नका, भाऊ."

आता आम्ही कोण, ते सांगतो. भाऊ म्हणजे भाऊसाहेब गायधनी, वय वर्षं ब्याऐंशी. दिंडोरीच्या अलीकडे पेरूच्या बागेत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. अडतीस वर्षं ते व्हिस्कीच्या कारखान्यात ब्लेंडर होते. कुठल्या पिंपातली किती व्हिस्की कशात मिसळायची, हे नुसत्या वासावरून ठरवायचं, हे त्यांचं काम. दिवसाला साठ-साठ ग्लास हुंगायचे, लागलंच तर जिभेवर घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. या माणसाच्या घशाखाली आयुष्यात एक पेग गेलेला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "कामाच्या जागी पितात का?"

हेरंब कुलथे हा त्यांचा सगळ्यात तयार शिष्य. नाशकात टाइल्सचं मोठं दुकान आहे त्याचं. ग्लास तिरका कसा धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवून वास कसा घ्यायचा, हे सगळं भाऊंकडून शिकला आणि मग आम्हाला शिकवत सुटला. नाक खरंच चांगलं आहे त्याचं, उगाच कशाला नाही म्हणू? पण तोरा त्याहून मोठा.

आणि मी जयराम. माझं मेडिकलचं दुकान आहे. त्या दुपारी मी फक्त गाडी चालवायला म्हणून आलो होतो. असं आपलं मी स्वतःला सांगत होतो.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," भाऊ म्हणाले.

हेरंबनं सांगितलं, पण धड सांगितलं नाही. मधली मधली वाक्यं गिळत होता. म्हणून मीच सांगतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, आम्ही सातजण हेरंबच्या गच्चीवर जमतो, आमचं व्हिस्कीचं मंडळच म्हणा. ज्यानं त्यानं महिन्याभरात घेतलेली नवी बाटली आणायची, टेबलावर मांडायची. कुठून आणली, किती वर्षं मुरलेली, पीप कसलं होतं, हे ज्याचं त्यानं सांगायचं. मग सील तोडायचं आणि पहिला घोट हेरंबला द्यायचा. तो वास घेणार, डोळे मिटणार, दोन वाक्यं बोलणार. त्यानं मान हलवली की मग बाकीच्यांनी ओतून घ्यायची. ही रीत कुणी घालून दिली ते आठवत नाही. बहुतेक हेरंबनंच.

बोरस्ते सर आमच्यातले सगळ्यात गरीब. शाळेत चित्रकला शिकवायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चार वर्षं ते रिकाम्या हातानं येत होते, म्हणजे येताना भाजलेले शेंगदाणे आणायचे. दुसऱ्याच्या बाटलीतलं अगदी थोडं घ्यायचे आणि त्यावर तास काढायचे. कुणी आग्रह केला तर कसनुसं हसायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचं एक चित्र विकलं गेलं. आयुष्यातलं पहिलं. त्या पैशातून त्यांनी भाच्याला सांगून अमेरिकेहून ही बाटली मागवली. त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बाटली टॉवेलात गुंडाळलेली. एकानं विमानतळावरून अठरा वर्षांची स्कॉच आणली होती, दुसऱ्यानं धुरकट वासाची, स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची. सरांनी आपली बाटली त्या दोघींच्या मधोमध ठेवली आणि म्हणाले, "आज माझ्याकडून."

सील त्यांनी स्वतः तोडलं. हेरंबला ओतून दिली.

हेरंबनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. एक थेंबसुद्धा ओठाला न लावता ग्लास खाली ठेवला.

"सर," तो म्हणाला, "हे खोकल्याचं औषध आहे. जयरामच्या दुकानात ठेवायला द्या."

हसलो आम्ही सगळे. मी तर सगळ्यात जोरात हसलो, माझ्या दुकानाचं नाव निघालं म्हणून.

सरही हसले. "असेल," म्हणाले. मग कुणीच ओतून घेतली नाही. मंडळाची रीतच तशी ना. सरांनी बूच लावलं, टॉवेल गुंडाळला आणि अर्ध्या तासानं घरी काम आहे म्हणून उठले. परत कधी आले नाहीत. आम्हीही कुणी बोलवायला गेलो नाही. येतील, जातात कुठं, असं म्हणत पाच महिने काढले.

गेल्या महिन्यात सर गेले. सकाळी चहा पिता पिता गेले.

"तेराव्याला गेलो होतो," हेरंब भाऊंना सांगत होता. "निघताना वहिनींनी बाजूला बोलावलं. ही बाटली हातात दिली. म्हणाल्या, भाऊजी, आमच्या घरात हिचं काय करायचं, तुम्हीच न्या."

"एवढंच म्हणाल्या?"

"नाही. म्हणाल्या, ही प्यायले नाहीत हो कधी. रोज संध्याकाळी बूच काढायचे, वास घ्यायचे आणि मला विचारायचे, तुला कसला वास येतो गं? मी म्हणायचे, गुळासारखा. तर म्हणायचे, मलाही तसाच येतो. पण हेरंबला नाही आला. त्याचं नाक भाऊसाहेबांनी तयार केलंय. तेव्हा माझंच चुकत असणार."

पेरूच्या झाडात पोपट कलकलत होते. भाऊ उठले, खिडकी लावून आले आणि पुन्हा बसले.

"आणखी?"

"म्हणाल्या, शेवटी शेवटी चित्रं काढणंही सोडलं होतं. विचारलं तर म्हणायचे, मला चांगलं-वाईट कळत नाही, मी कशाला रंग वाया घालवू?"

हे मला ठाऊक नव्हतं. गाडीत येताना हेरंब हे बोलला नव्हता.

"म्हणून तुमच्याकडे आलो, भाऊ," हेरंब म्हणाला. "तुम्ही एकदा वास घ्या. तुम्ही म्हणालात की साधीच आहे, तर मी सुटलो. मग माझी चूक एवढीच की मी चारचौघांत बोललो. पण बोललो ते खरं होतं."

"मी वास घ्यायचा?"

"तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे."

"त्यांचाही तुझ्या नाकावर होता."

भाऊंनी बाटली उचलली. बूच काढलं. ग्लास आणायला मी उठलो तर हातानंच मला बसवलं.

"हात पुढे कर," ते हेरंबला म्हणाले.

"माझा?"

"तुझाच. दोन्ही."

त्याच्या तळव्यावर त्यांनी थोडी ओतली. चमचाभर असेल.

"चोळ."

कारखान्यात असं करतात म्हणे. ग्लास चांगला की लेबल चांगलं, याचा काही संबंधच उरत नाही. व्हिस्की तळव्यावर चोळून सुकवायची आणि ओंजळीत नाक घालायचं.

हेरंब चोळत राहिला. ओंजळ नाकाशी नेऊ लागला तसं भाऊंनी मनगट धरलं.

"थांब. आधी स्पिरिट उडू दे. घाई तेव्हाही केलीस."

थोडा वेळ गेला. भाऊंनी मनगट सोडलं.

हेरंबनं ओंजळीत तोंड घातलं. बराच वेळ काढलंच नाही.

"काय येतंय?" भाऊंनी विचारलं.

"गूळ," तो ओंजळीतूनच म्हणाला. "गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला जरासा करपतो, तो."

"आणखी?"

"लाकूड. सुतार रंधा मारतो तेव्हा येतो तसा."

"आणखी?"

"भाजलेला नारळ... भाऊ, बास करा."

"हेरंब, व्हिस्की कशी आहे?"

"चांगली आहे. फार चांगली आहे. त्या दिवशी टेबलावर जेवढ्या होत्या, त्या सगळ्यांत चांगली."

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हा गडी ओंजळीत तोंड घालून रडताना मला बघावा लागला. माझ्याच्यानं बघवेना. मी बाटलीवरचं लेबल वाचत बसलो.

भाऊंनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "मग हा वास तेव्हा कसा नाही आला तुला?"

हेरंबनं खिशातून रुमाल काढला.

"एवढा गूळ येतोय. बोरस्तेंच्या बायकोला आला, जिनं कधी ग्लास धरला नाही. तुला नाही आला?"

"नाही आला."

"का?"

"काहीच आलं नव्हतं, भाऊ." हेरंबनं तोंड पुसलं. "मला सर्दी झाली होती. दोन दिवस नाक चोंदलेलं होतं. कॉफी पीत होतो तर गरम पाणी पितोय असं वाटत होतं."

"मग तसं सांगायचं."

"सगळे माझ्याकडे बघत होते."

"म्हणून?"

"म्हणून लेबल बघितलं. बोर्बन होती, सरांनी आणलेली होती... म्हटलं, असून असून काय असणार?"

आता मला बोलणं भाग होतं. खरं तर न बोलता निभलं असतं. पण भाऊ माझ्याकडे बघत होते आणि ते किती वेळ बघत होते कोण जाणे.

"भाऊ, मला माहीत होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी सकाळी नाकात घालायचे थेंब हा माझ्याच दुकानातून घेऊन गेला होता. म्हणाला होता, जयराम, काहीतरी कर, आज मंडळ आहे आणि मला ओ की ठो कळत नाहीये."

हेरंबनं चमकून माझ्याकडे पाहिलं. तो ते विसरला होता. मी मात्र इतक्या महिन्यांत एक दिवस विसरलो नव्हतो.

"आणि तू काय केलंस?" भाऊंनी मला विचारलं.

"हसलो. सर्वांत जोरात हसलो, भाऊ."

भाऊंनी बुचाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. बूच लावलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसापुढे निदान काही बोलता येतं.

शेवटी हेरंबच उभा राहिला. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर जरा जीव आला होता.

"मी आजच वहिनींकडे जातो," तो म्हणाला. "त्यांना सांगतो की सरांची पारख उत्तम होती. बाटली अव्वल दर्जाची आहे. पुढच्या रविवारी मंडळात सरांचा फोटो ठेवू. सगळे मिळून ही त्यांच्या नावानं घेऊ. वहिनींनाही बोलावू. सगळ्यांसमोर मी स्वतः सांगेन की ही बाटली..."

"परत तूच सांगणार? कशी आहे ते परत तूच ठरवणार, आणि त्या माउलीनं ते परत खरं मानायचं?"

"पण भाऊ, आता तर मी चांगलंच सांगणार आहे. खरं तेच सांगणार आहे."

भाऊंनी बाटली आपल्याकडे ओढून घेतली. हेरंब हळूहळू खाली बसला. तळवे उताणे मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. खोलीभर त्या व्हिस्कीचा वास पसरला होता. गुळाचा होता, मलासुद्धा कळत होता.

"मग काय सांगू त्यांना?" त्यानं विचारलं. या खेपेला त्याच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

भाऊंनी बूच घट्ट लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"तूही जा याच्याबरोबर," ते मला म्हणाले.

"मी काय बोलू तिथं, भाऊ?"

ते आम्हाला सोडायला दारापर्यंत आले. उंबऱ्यापाशी काठी टेकून उभे राहिले.

"बाटली कशी आहे ते सांगू नका," भाऊ म्हणाले. "सर्दी झाली होती, तेवढं सांगा."