राजाचा चौघडा आणि वेणूचा ठेचा

"निरोप आला की माझ्या यंत्रात चौघडा वाजलाच पाहिजे!" टेंभुरगडच्या सर्जेराव महाराजांनी फर्मान सोडलं आणि दरबाराच्या तोंडचं पाणी पळालं.

राज्यभर निरोप जायचे ते 'हाकारा' नावाच्या प्रोग्राममधून. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस्स! पण शंभर जणांनी मिळून फुकटात लिहिलेला हा प्रोग्राम घाटावरच्या चावडीतल्या खटारा यंत्रावरही चालायचा आणि बंदरावरच्या नव्यावरही. महाराजांनी मात्र नुकतंच एक चकचकीत यंत्र घेतलं होतं. त्यात चौघड्याची सोय होती, आणि सोय आहे म्हटल्यावर ती वापरल्याशिवाय राजाला चैन कुठलं!

प्रधानजींनी लगेच हाकाऱ्यात चौघडा घुसवला. महाराजांकडे तो झकास वाजला. बाकी गावांत हाकारा 'चौघडा सापडत नाही' एवढंच लिहून बंद पडला! घाटावरच्या पुलाला तडा गेल्याचा निरोप त्या दिवशी एका माणसाला चालत आणावा लागला.

महाराज भडकले. "चौघडा तर हवाच! पण प्रोग्राम सगळ्यांचा एकच राहिला पाहिजे, अक्षराचाही फरक नको. परवापर्यंत जमलं नाही, तर हाकारा बंद! ज्याला निरोप पाठवायचा त्याने माझ्यासारखं यंत्र घ्यावं!"

गावांना ते कुठलं परवडायला! तेव्हा आचाऱ्याची मुलगी वेणू पुढे आली. ती पंगतीत वाढायची आणि फावल्या वेळात हाकाऱ्यातल्या चुका दुरुस्त करायची. त्या शंभरांतली ती एक.

"मी करते, महाराज. पण आधी उद्या सगळ्यांनी पंगतीला यायचं."

"काम सोडून जेवण?"

"उपाशीपोटी शहाणपण पचत नाही, महाराज!"

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. महाराजांना लवंगी मिरचीचा ठेचा आवडतो, म्हणून वेणूने तो प्रत्येकाच्या पानात डाव भरभरून वाढायला घेतला. विचारणं नाही, थांबणं नाही! प्रधानजींचं पोट आधीच नाजूक. त्यांनी घाईघाईने पानावर हात आडवा धरला.

"अगं, मला तिखट चालत नाही!"

"मग उठा, प्रधानजी. ठेचा नाही, तर भातही नाही!"

"ही कुठली रीत?" महाराज ओरडले. "नको असेल त्याला सोडून पुढे जायचं! एका ठेच्यापायी माणसाला भरल्या पानावरून उठवतेस?"

"मी कसली उठवते! हाकाऱ्याला ही रीत प्रधानजींनीच शिकवली."

प्रधानजींना ठेचा न खाताच ठसका लागला.

जेवणं उरकल्यावर वेणूने सुधारलेला हाकारा दोन यंत्रांवर चढवला. एक महाराजांचं, दुसरं घाटावरून मुद्दाम मागवलेलं खटारा. निरोप आला. महाराजांच्या यंत्रात धडाधड चौघडा! खटाऱ्यावर नुसती पांढरी अक्षरं उमटली, पण हाकारा सुरूच!

"पकडली!" महाराज टाळी वाजवून म्हणाले. "दोन वेगळे प्रोग्राम लिहिलेस!"

"ताडून बघा की!"

कारकुनांनी दोन्ही ओळीओळीने ताडले. अक्षराचाही फरक नाही!

"मग हा वाजतो आणि तो का नाही?"

"कारण मी हाकाऱ्यात चौघडा घातलाच नाही, महाराज. वाढप्याची रीत घातली. निरोप आला की तो यंत्राला विचारतो, 'निरोप आलाय, काही वाजवायचंय?' चौघडा तुमच्या घरचा, तुमचं यंत्र वाजवतं. खटाऱ्याने हात आडवा केला, हाकारा पुढे गेला!"

"आणि उद्या प्रधानजींना सनई हवी झाली तर?"

"त्यांनी ती आपल्या यंत्रात ठेवावी. हाकाऱ्याला हात लावायचं काम नाही. त्यांनी तर आता अजिबात लावायचा नाही!"

महाराजांनी मिशीवर ताव दिला. "म्हणजे घाटावरच्या खटाऱ्याला आणि राजाला हा एकच प्रश्न विचारतो?"

"वाढताना राजा दिसत नाही, महाराज. पान दिसतं!"

महाराज असे हसले, की चौघडाही ऐकू येईना! मग मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी वेणूपुढे धरलं आणि वाढप्याच्या सुरात विचारलं, "हवं का?"

वेणूने हात आडवा केला नाही. चांगली ओंजळ पुढे केली!