चारुव्रताचा मधुपर्क

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, नद्या कोणाच्या हा प्रश्न मनुष्यांना नुकताच सुचू लागला होता, त्या काळी हिमवंताच्या दक्षिणेस शुभ्रा नावाची पुण्यसलिला नदी वाहत होती. तिच्या दोन्ही तीरांवर सामघोषाने निनादणारे आश्रम होते, होमधूमाने धूसर झालेली आम्रवने होती आणि गुडघाभर पाण्यात डोलणारी साळीची शेते होती. शुभ्रेचा उगम मात्र दैत्यराज धूम्रकेशाच्या सीमेलगत होता, आणि तिचा प्रवाह वळवून आपल्या वालुकामय प्रदेशात न्यावा ही त्याची जुनी इच्छा होती. शेवटी त्याने मेरुपर्वतावर जलाधिपती वरुणाच्या महासभेत तसा दावा मांडला. त्या सभेचा दंडक असा की प्रत्येक जनपदाच्या वतीने एकानेच बोलायचे. त्याने न मांडलेली गोष्ट ऐकली जात नसे.

शुभ्रातीरीच्या लोकांच्या वतीने आजवर अमात्य भद्रसोम मेरूवर जात असे. त्याचे केस कापसासारखे पांढरे झाले होते, आणि लोकांचा समज असा की केसांबरोबर अक्कलही आपोआप पिकते. या वेळी मात्र ग्रामसभेत तो हात जोडून उभा राहिला.

"जनहो, माझी वाणी आता थकली. अर्कशील ऋषींचा पुत्र चारुव्रत याला पाठवा. सोळाव्या वर्षी त्याला वेद मुखोद्गत आहेत, आणि त्याच्या जिव्हेवर साक्षात सरस्वती आहे. उगवत्या सूर्याला कोणी वय विचारते काय?"

लोकांना हे फार आवडले. नव्या मुखाची ओढ सर्वांनाच असते, आणि चारुव्रत दिसायला तेजस्वी, बोलायला गोड होता. तरुणांनी त्याला खांद्यावर घेतले, स्त्रियांनी ओवाळले. केवळ त्याची माता अर्चिष्मती पुढे झाली. पतीच्या निधनानंतर तिने एकटीने त्याला वाढवले होते.

"अमात्य, माझा पुत्र विद्वान आहे, पण त्याने आश्रमाबाहेरचे जग पाहिलेले नाही. यज्ञातली चूक प्रायश्चित्ताने फिटते. सभेतली चूक अवघ्या जनपदाला भोगावी लागते. त्याला आणखी काही वर्षे तुमच्या मागे बसू द्या, मग पाठवा."

"माते, मी त्याच्यासोबतच जाणार आहे," भद्रसोम म्हणाला. "सभेचे सगळे दंडक मी त्याला शिकवीन. त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही."

खरे सांगायचे तर भद्रसोमाने त्याआधीच शुभ्रा विकली होती. धूम्रकेशाने त्याच्या पुत्राला सेनापतिपद देण्याचे वचन दिले होते. पण स्वतः सभेत मौन धरले असते तर लोकांनी त्याला जिवंत ठेवले नसते. म्हणून त्याला बळीचा बकरा हवा होता, आणि तो शोधताना त्याने गावातला सर्वांत गुणी मुलगा निवडला. अशा माणसाचा मला संताप येतो, मग तो त्रेतायुगातला असला तरी.

वाटेने जाताना भद्रसोमाने चारुव्रताला पुष्कळ शिकवले: वरुणाला वंदन कसे करावे, स्वर कोठे चढवावा, उपमा कोणत्या द्याव्यात. एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. महासभेच्या दिवशी ज्याच्या हातून मधुपर्क हे स्वागतपेय घ्यावे, त्याच्याविरुद्ध त्या दिवशी सभेत बोलता येत नसे. मुरलेले प्रतिनिधी म्हणूनच सकाळी कोणाच्याही दारात थांबत नसत.

मेरूच्या सुवर्णशिखरांवर अरुणप्रभा पसरली होती. मंदारवृक्षांच्या छायेत देव, यक्ष, गंधर्व आणि पृथ्वीवरचे राजे आपापल्या शिबिरांतून बाहेर पडत होते. उपवासाने शिणलेला चारुव्रत सभाद्वाराकडे निघाला, तोच महाकाय धूम्रकेश अनवाणी पुढे आला आणि हातातले कांस्यपात्र त्याने नम्रपणे पुढे केले.

"मुनिकुमारा, आज तू माझा प्रतिपक्षी खरा, पण त्याआधी माझा अतिथी आहेस. हा मधुपर्क स्वीकार."

दही, मध आणि तूप यांचा सुगंध दरवळला. आश्रमात वाढलेल्या मुलाला एकच धर्म ठाऊक होता: आदराने दिलेला मधुपर्क नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान, आणि तो शत्रूनेही दिला तरी नाकारू नये. तरी त्याने एकदा भद्रसोमाकडे पाहिले. भद्रसोमाने स्मित करून मान हलवली. चारुव्रताने तो मधुपर्क भक्तिभावाने प्राशन केला.

सभा भरली. धूम्रकेशाने आपला दावा मांडला. चारुव्रत उठला, त्याने मंगलाचरण केले आणि पहिले वाक्य उच्चारणार तोच वरुणाने आपला पाश उंचावला.

"बालका, तू याच्या हातचा मधुपर्क घेतला आहेस. याच्याविरुद्ध आज तुला बोलता येणार नाही. शुभ्रेच्या वतीने आक्षेप नाही, असे ही सभा मानते."

सभेत कोणीतरी हसले. चारुव्रत गर्रकन वळला.

"तात, हा दंडक आपल्याला ठाऊक होता?"

भद्रसोम उत्तरीयाचा काठ नीट करू लागला.

"तात, मी आपल्याकडे पाहिले होते. आपण मान हलवलीत!"

"राजकारणात ज्याचे त्याने शिकायचे असते," भद्रसोम पुटपुटला आणि सभेबाहेर निघून गेला.

मुलगा ओक्साबोक्शी रडला. त्या वेळी त्याला नदीपेक्षाही ती हललेली मान अधिक झोंबत होती. वरुणाला सर्व उमगले, पण दिलेला निर्णय त्यालाही फिरवता येत नव्हता.

"वत्सा, पुढच्या महासभेत तुमचे लोक हा दावा पुन्हा मांडू शकतील. आज नदीखेरीज कोणताही वर माग."

"मग मला वार्धक्य द्या, प्रभो," चारुव्रत म्हणाला. "मी तरुण होतो म्हणून फसलो. हे तारुण्य मला नको."

"यौवन मागणारे मी असंख्य पाहिले," वरुण खिन्नपणे म्हणाला. "तथास्तु!"

त्याच क्षणी चारुव्रताचे केस शुभ्र झाले, पाठ वाकली, त्वचेवर सुरकुत्या पडल्या. काठी टेकत तो परतला तेव्हा शुभ्रेच्या पात्रात मासे तडफडत होते आणि भद्रसोम लोकांना सांगत होता, "पोराने वाटीभर मधासाठी नदी घालवली आणि तोंड लपवून पळाला!"

अनोळखी वृद्ध पाहून लोकांनी त्याचे पाय धुतले, त्याला उच्चासनावर बसवले.

"त्या मुलाला पाठवले कोणी?" वृद्धाने विचारले.

सर्वांनी कानांवर हात ठेवले. ज्यांनी त्याला खांद्यावर घेतले होते तेच म्हणाले, "आम्ही तेव्हाच म्हणत होतो महाराज, पोरसवदा आहे, पाठवू नका."

तेवढ्यात गर्दी सारून अर्चिष्मती आली. तिने त्या सुरकुतलेल्या मुखाकडे पाहिले आणि त्याला हृदयाशी धरले. "माझ्या बाळा, तुझे हे काय केले रे यांनी?"

चारुव्रत मातेचा आधार घेऊन उभा राहिला.

"मी कोवळा होतो, मी जायला नको होते, हे माझ्या मातेने सांगितले आणि ते सत्य होते. पण मधुपर्काच्या दंडकाचे मला ज्ञान नव्हते. याच्याजवळ ते होते, आणि याने ते दडवले. भद्रसोमा, तुझे सत्य वचनही यापुढे कोणाला खरे वाटणार नाही! आणि जनहो, तुम्ही मला मिरवलेत आणि हरताच नाकारलेत. तुमच्या या सभेत पुन्हा कोणी तरुण बोलायला उभा राहणार नाही!"

लोक त्याच्या पायांवर कोसळले. "क्षमा करा! पुढच्या महासभेला आपणच चला. आता तर आपण वृद्ध आहात, आपल्याला कोण फसवील?"

"वृद्ध झालो खरा," चारुव्रत म्हणाला. "आणि वृद्धांनी अशा वेळी काय करायचे, ते मी तुमच्याकडूनच शिकलो."

एवढे बोलून तो मातेचा हात धरून उत्तरेकडे निघून गेला.

तेव्हापासून त्या ग्रामसभेत केवळ पांढरी डोकी जमतात, हल्लीच्या मुलांना देशाची काळजी नाही म्हणून हळहळतात, आणि मेरूवर कोणी जावे हा विषय निघाला की एकमेकांकडे पाहतात. वरुण मात्र प्रत्येक महासभेत विचारतो, "शुभ्रातीरीच्या वतीने कोण बोलणार?" कोणीही उठत नाही, आणि नदी पुढच्या महासभेपर्यंत दैत्यांकडे राहते.